तिकडे मिळतं का हो?

माझ्या एका मित्राचे दादरला सहलींचे छोटेसे कार्यालय आहे. दोन टेबले, एक संगणक, भिंतीवर भारताचा नकाशा आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळ बहुधा तिथेच जाते. सुट्या जवळ आल्या की मंडळी जोडीने येतात आणि त्यांचे प्रश्न आता मला पाठ झाले आहेत. जेवण आपल्या पद्धतीचे मिळेल ना? आजींना फार पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत ना? ही सगळी चौकशी बहुधा बाई करतात. मग त्या मुलांना घेऊन समोर उसाचा रस प्यायला जातात आणि इतका वेळ गप्प बसलेले गृहस्थ खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारतात, "बाकी... तिकडे मिळतं का हो?"

काय मिळते, हे मित्राला विचारावे लागत नाही. गोव्यात हवे तेवढे, राजस्थानात अडचण नाही, गुजरातेत मात्र बंदी, असे तो नकाशाकडे न पाहताच सांगतो. गुजरात म्हटले की काही जणांचा चेहरा उतरतो. "मग बघू, घरी विचारून कळवतो," असे म्हणून ते उठतात.

यातले निम्मे मी स्वतः पाहिलेले आहे. उरलेले निम्मे मित्राने परवा सांगितले. अधूनमधून असे होते की, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच घरातून बाईंचा फोन येतो. त्याही आवाज खाली आणूनच विचारतात, "काल तुम्ही सोमनाथचं म्हणालात ना, तिकडे मिळत नाही ना? नक्की?"

दारूबंदी आणि पर्यटन हा विषय निघाला की, वर्तमानपत्रांतून दोनच बाजू ऐकू येतात. हॉटेलवाले म्हणतात, बंदी घातली की पर्यटक दुसरीकडे जाणार. बंदीचे समर्थक म्हणतात, असे पर्यटक आम्हाला नकोतच. या भांडणात दुपारी फोन करणाऱ्या बाईंचा प्रश्न कुणाच्या गावीच नसतो. मला तो जवळचा वाटतो, कारण हे दोन्ही प्रश्न आमच्या एकाच घरात वर्षानुवर्षे एकमेकांसमोर बसून जेवत होते. पहिला प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा होता आणि दुसरा वहिनींचा. हे लिहू का, असे मी दादाला विचारले. तो म्हणाला, "लिही. फक्त माझी बाजू सावरून लिहू नकोस."

राहिलेली ओटी

२००१च्या मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबे गोव्याला गेलो होतो. दादा, वहिनी आणि त्यांचे दोन मुलगे; मी, सौ. आणि आमची मुलगी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. मुले खिडकीशी बसून बोगदे मोजत होती. वहिनींचे माहेर मूळचे गोव्याकडचे. कवळ्याची शांतादुर्गा हे त्यांच्या माहेरचे कुलदैवत. लग्नानंतर एकदाही जाणे झाले नव्हते, म्हणून त्यांनी खण, नारळ, तांदूळ, हळकुंडे, सुपारी असे ओटीचे सगळे साहित्य वेगळ्या पिशवीत बांधून आणले होते. ती पिशवी प्रवासभर त्यांच्या मांडीवर होती.

दादाला दारूची सवय होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. मुंबईत त्याला काही आडपडदा असायचा. ऑफिस, शेजार, चाळीतली वडीलधारी मंडळी यांचा धाक असायचा. गोव्यात त्यातले काहीच नव्हते. हॉटेलच्या तळमजल्यावर बार, वाळूत उतरले की शॅक, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही बाटल्या मांडलेल्या, आणि भाव मुंबईच्या निम्म्याने. "सुटीला आलोय, आता काय हरकत आहे?" असे म्हणून त्याने पहिल्या दिवशी दुपारीच सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला कवळ्याला जाण्यासाठी गाडी ठरली होती. दादा उठलाच नाही. अकरापर्यंत थांबून ड्रायव्हर निघून गेला. चौथ्या दिवशीही तेच. मी म्हटले, "वहिनी, चला, आपण जाऊन येऊ." त्या म्हणाल्या, "ह्यांना असं खोलीत टाकून कशी येऊ? आणि मुलं घाबरलीत, भावोजी." पाचव्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. ओटीची पिशवी जशी नेली तशी परत आली. तो नारळ वहिनींनी घरच्या देवापुढे ठेवला. त्यानंतर आमच्या घरात गोव्याचे नाव कुणी काढले नाही.

त्या वर्षीच्या गोव्याच्या पर्यटकांच्या हिशेबात आम्ही सात जण धरले गेलो असू. सात माणसे, चार रात्री, बारचे बिल भरपूर. पर्यटनाच्या दृष्टीने आमची सहल यशस्वीच म्हणायला हवी.

एकच कायदा, दोन राज्ये

दोन वर्षांनी, २००३च्या दिवाळीत, कुठे जायचे ते वहिनींनी ठरवले. सोमनाथ, द्वारका आणि गीरचे सिंह. दादाने थोडी थट्टा केली, पण सिंहांमुळे मुले हटून बसली आणि तोही तयार झाला. गुजरातच का, हे वहिनींनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सौ. मात्र मला रात्री म्हणाली, "देव तर पंढरपुरालाही आहे. त्यांनी राज्य निवडलंय."

गुजरातच्या दारूबंदीचे मूळ आपल्याच घरात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबई राज्य एक असताना, मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाच्या काळात, १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. १ मे १९६० रोजी राज्याचे दोन भाग झाले तेव्हा हा कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने तो घट्ट धरून ठेवला. महाराष्ट्राने १९६०च्या दशकात तो हळूहळू सैल केला, पण रद्द केला नाही. नावापुरता का होईना, आपल्याकडे आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. एकाच कायद्याच्या एका टोकाला सोमनाथ आहे आणि दुसऱ्या टोकाला आपली परमिट रूम.

गुजरातेतही बंदी म्हणजे अगदी पोलादी भिंत नाही. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पाहुण्याला ओळखपत्र आणि प्रवासाचा पुरावा दाखवून थोड्या दिवसांचा परवाना मिळू शकतो. ठरावीक मोठ्या हॉटेलांतल्या परवानाधारक दुकानांतून ठरावीक प्रमाणात दारू घेता येते. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तर डिसेंबर २०२३मध्ये सरकारने तिथे काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना ठरावीक जागी बसून पिण्याची मुभा दिली. परदेशी कंपन्या तिथे याव्यात, हा त्यामागचा हेतू. म्हणजे व्यापारासाठी दार किलकिले करावे लागले, हेही खरे.

पण याच राज्याने २००५पासून कच्छच्या पांढऱ्या वाळवंटात रणोत्सव भरवला. २०१०पासून अमिताभ बच्चन यांना घेऊन 'खुशबू गुजरात की' अशी जाहिरात केली. २०१८ साली नर्मदेकाठी १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा केला. यातल्या प्रत्येक ठिकाणी मराठी कुटुंबांच्या बसगाड्या दिसतात. बंदीमुळे गुजरातचे पर्यटन बसले, असे कुणाला म्हणता येणार नाही.

सहा दिवस

आमच्या त्या सहलीचे पहिले सहा दिवस मला अजून आठवतात. राजकोटला उतरून सुमो केली. द्वारकेला गोमतीच्या घाटावर पहाटे गेलो, पोरबंदरला गांधीजींचे जन्मघर पाहिले. वाटेत ढाब्यावर बाजरीचे रोटले, वांग्याचे भरीत आणि ताक. सोमनाथाच्या संध्याकाळच्या आरतीला दादा मुलांना खांद्यावर घेऊन उभा होता. देवळामागे समुद्र गाजत होता. आरतीनंतर आम्ही किनाऱ्याकडेच्या कठड्यावर बसलो आणि दादाने मुलांना लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या काही मीही पहिल्यांदाच ऐकल्या. सासणला पहाटे जीपमधून जाताना रस्त्याच्या कडेला एक सिंहीण दोन बछड्यांसह बसलेली दिसली. धाकटा पुतण्या भीतीने दादाला बिलगला. त्या क्षणी मी वहिनींकडे पाहिले. त्या सिंहिणीकडे पाहतच नव्हत्या.

दादाला पहिले दोन दिवस त्रास झाला. घाम येई, हात थरथरत, झोप नसे. तेव्हा आम्हाला त्यातले काही कळत नव्हते. जुनी सवय असलेल्याने दारू एकदम सोडणे धोक्याचे असू शकते आणि त्यासाठी डॉक्टर लागतो, हे आम्ही पुढे शिकलो. आमचे नशीब, एवढ्यावर निभावले.

सातव्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "साहब, दीव नहीं देखना?" दीव सोमनाथपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. १९६१पर्यंत गोव्याबरोबर पोर्तुगिजांकडे होते, पुढे केंद्रशासित झाले. त्यामुळे गुजरातचा कायदा तिथे लागू नाही. वहिनींना हे माहीत नव्हते. नकाशात दीव म्हणजे सौराष्ट्राच्या पायाशी चिकटलेला एक ठिपका. तिथला किल्ला आणि नागोव्याचा किनारा सुंदर आहे, असे ड्रायव्हरने सांगितले. खरेच सुंदर आहे. पण हद्द ओलांडताच पहिली पाटी दिसली ती बारची. दुसरीही बारचीच. गाडीत कुणी काही बोलले नाही.

त्या दिवशी दादा किल्ल्यावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा गुजरातच्या हद्दीवर गाडी अडवली. तिथे पर्यटकांच्या गाड्यांत बाटल्या शोधतात. सामान उतरवायला लावले. दादाची बॅग स्वच्छ निघाली. वहिनींच्या बॅगेत साड्यांच्या घडीत दोन चपट्या बाटल्या सापडल्या. हवालदाराने विचारले, "किसका है?" दादा रस्त्याकडे बघत होता. वहिनी म्हणाल्या, "फेंक दीजिए." हवालदाराने एकदा मुलांकडे पाहिले, बाटल्या कडेच्या मातीत ओतल्या आणि हाताने जा म्हणून खूण केली. राजकोटपर्यंत गाडीत टेपसुद्धा लागला नाही.

बऱ्याच वर्षांनी मी वहिनींना विचारले की, त्या सहलीचे तुम्हाला काय वाटते? मला वाटले, त्या हद्दीवरच्या प्रसंगाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "सहा दिवस मिळाले की हो."

पर्यटक पळतात का?

बंदीने काय होते, हे पुढे मी बारकाईने पाहू लागलो. सर्वांत मोठा धडा केरळचा. २०१४ साली ओमन चंडी यांच्या सरकारने बार फक्त पंचतारांकित हॉटेलांत राहतील असे ठरवले आणि सातशेहून अधिक बार बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये सरकारचे धोरण उचलून धरले. आता केरळचे पर्यटन संपले, अशी ओरड झाली. आकडे मात्र वेगळेच सांगतात. २०१४ साली केरळात सुमारे १ कोटी १७ लाख देशी पर्यटक आले होते. २०१६ साली ते सुमारे १ कोटी ३२ लाख झाले. परदेशी पर्यटकही सव्वानऊ लाखांच्या आसपास होते, ते दहा लाखांवर गेले. हाउसबोटीत बसून खाडीतली नारळीची झाडे पाहायला आलेल्या कुटुंबाने बेत रद्द केला नाही.

पण हॉटेलवाल्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. त्यांचे नुकसान कुटुंबांमुळे नव्हते. ते होते कंपन्यांच्या परिषदा आणि बैठकांच्या धंद्यात. दिवसभर भाषणे आणि रात्री मेजवानी, हा त्या धंद्याचा रिवाज. शिवाय बंदीविना पर्यटक आणखी वाढले असते, असे ते म्हणत. बारमध्ये काम करणाऱ्या हजारोंच्या पोटावर पाय आला, तो तर कुणी नाकारू शकत नाही. २०१७च्या जुलैपासून पिनराई विजयन सरकारने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना बार पुन्हा उघडू दिले. पर्यटनाचे नुकसान, हे एक कारण त्यांनी पुढे केले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही ताडोब्याला गेलो. हे ठिकाणही वहिनींनीच सुचवले होते. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात, आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५पासून दारूबंदी होती. त्यासाठी तिथल्या बायकांनी अनेक वर्षे मोर्चे काढले होते, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या होत्या. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या सेवाग्राममुळे आणि गडचिरोलीत १९९३पासून बंदी होतीच.

नागपूरहून निघालो तेव्हा आणखी एक गंमत पाहिली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद झाली होती. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत हे अंतर २२० मीटर होते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या अपघातांमुळे हा आदेश आला होता. पुढे जुलैत न्यायालयाने शहरांच्या हद्दीला त्यातून सूट दिली. पण मे महिन्यात रस्त्याकडेची दुकाने बंद होती. तरी नागपूर जिल्हा संपण्याआधी एका फाट्यावर हाताने रंगवलेली पाटी होती आणि तिच्यावर आत वळणारा बाण. त्या बाणाच्या मागे चारचाकी गाड्या ओळीने आत वळत होत्या. ताडोब्याला जाणारी मंडळी शिदोरी बांधून घेत होती. आमच्या गाडीत दादा पुढच्या सीटवर होता. बाण गेला, तो काही बोलला नाही. मागून वहिनींनी त्याच्या हातात संत्र्याच्या फोडी दिल्या.

मोहर्लीला वाघीण दिसली. सगळ्या खोल्या भरलेल्या, जिप्सीचे आरक्षण मिळता मिळत नव्हते. वाघ पाहायला आलेला माणूस वाघ पाहूनच जातो, जिल्ह्यात दारू असो वा नसो. बुद्धगयेला आणि राजगीरला येणारे जपानी, श्रीलंकन, थायी यात्रेकरू २०१६च्या बिहारमधल्या बंदीने थांबले नाहीत, तेही याच कारणाने.

पण चंद्रपूरची बंदी टिकली नाही. अवैध आणि बनावट दारूचा सुळसुळाट झाला, असे कारण देऊन २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. हे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गुजरातेत २०२२च्या जुलैमध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे गेली. पर्यटक परवाना काढतो किंवा दीवला जातो. तिथला मजूर मात्र पिशवीतले काय पितो, ते त्यालाच ठाऊक नसते. बंदीचा हिशेब मांडताना हे प्राण एका बाजूला आणि चिमूरहून चालत निघालेल्या बायका दुसऱ्या बाजूला ठेवावे लागतात. मला तो हिशेब सुटलेला नाही.

कुठे प्यावे, हे ठरवणारे

सगळीकडे नाही आणि सगळीकडे हो, या दोन टोकांमध्येही जागा असते. थोरला पुतण्या २०१९ साली लग्नानंतर मालदीवला गेला होता. तो देश मुस्लिम. वस्तीच्या बेटांवर दारू विकत नाहीत. पण १९७२ साली तिथे पहिले रिसॉर्ट निघाले तेव्हापासून एका बेटावर एक रिसॉर्ट, अशी पद्धत पडली आणि त्या बेटांवर पाहुण्यांना दारू मिळते. पैसे वाचवायला पुतण्या दोन दिवस वस्तीच्या बेटावर एका घरगुती लॉजमध्ये राहिला. तिथे किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक बोट नांगरून ठेवलेली असे. ज्याला प्यायची असेल त्याने छोट्या होडीतून तिकडे जायचे. गावातली मुले किनाऱ्यावर फुटबॉल खेळत राहायची. आपल्या लक्षद्वीपमध्येही हाच प्रकार, बंगारम बेट सोडून बाकी सगळीकडे बंदी.

आणि गोव्याचे काय? ज्या गोव्याकडे सगळी मंडळी 'मिळते' म्हणून जातात, त्या गोव्यानेच जानेवारी २०१९मध्ये कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्याला आणि स्वयंपाक करण्याला बंदी घातली. तेव्हा एकट्या माणसाला दोन हजार, टोळक्याला दहा हजार रुपये दंड ठरला होता. वाळूत फुटलेल्या बाटल्यांच्या काचांनी लोकांचे पाय कापत होते. शॅकमध्ये बसून प्या, वाळूत नको, एवढेच त्यांचे म्हणणे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०२५पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांच्यासह एकोणीस तीर्थक्षेत्रांत दारूविक्री बंद केली. गंमत अशी की, याच उज्जैनात काळभैरवाला दारूचाच नैवेद्य दाखवतात आणि भाविक मोठ्या श्रद्धेने तो नेतात. विक्री बंद झाली, पण देवाची आवड काही बदललेली नाही.

या सगळ्यातून मला एवढेच कळले आहे की, बंदी पर्यटकाला हाकलत नाही, ती त्याला निवडते. कुणी येणार, कुणी शेजारी जाणार, आणि पिणारा किती किलोमीटर जाऊन पिणार, एवढे तिच्यामुळे ठरते. दारू मिळत नाही म्हणून जो आला नाही, त्याचे नुकसान हॉटेलवाला लगेच सांगू शकतो. मिळत नाही म्हणून जी आली, तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. ती विचारायला येते तीही दुपारी, फोनवर, आवाज खाली आणून.

या दिवाळीत

दादाने २००६ साली दारू सोडली. कुठल्या राज्याच्या कायद्याने नाही. एकदा जिन्यावरून पडला, डॉक्टरांनी यकृताची स्थिती स्पष्ट सांगितली आणि तो पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिला. त्यानंतर दर आठवड्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जातो. ऊन, पाऊस काही असो, चुकवत नाही.

गुजरातच्या त्या सहा दिवसांविषयी मी त्याला परवा विचारले. म्हटले, "तिथे शोधली असती तर मिळाली असती ना रे?"

"मिळाली असती की," तो म्हणाला. "पण कुणाला तरी विचारावं लागलं असतं. अनोळखी माणसाला, मुलं बरोबर असताना. सहा दिवस ती लाज पुरली. गोव्यात विचारावंच लागत नव्हतं." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण दीवला पुरली नाही. आणि त्या बाटल्या मी तिच्या बॅगेत ठेवल्या, कारण बाईमाणसाची बॅग नीट बघत नाहीत असं मला वाटलं. हेही लिही."

या वर्षी दिवाळीत कुठे जायचे, यावर महिनाभर घरात खल चालला आहे. पुतण्यांची मुलेही आता मोठी झाली आहेत. कुणी कच्छ म्हणाले, कुणी उज्जैन. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी ठिकाणे यायची. वहिनी काहीच लिहीत नव्हत्या. सगळ्यांनी गृहीत धरले होते की, त्या नेहमीसारखे 'तिकडे मिळत नाही ना?' असे काहीतरी मनात ठेवून निवडतील.

गेल्या रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, "गोव्याला जाऊ."

कुणी काही बोलेना. धाकटा पुतण्या आपल्या ताटात बघू लागला. त्यालाच त्या खोलीतले सगळ्यात जास्त आठवत असावे. दादाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "मग हॉटेल मी बघतो. खाली बार नसलेलं. कवळ्याच्या जवळच मिळालं तर बरं."

"बार असला तरी चालेल," वहिनी म्हणाल्या. "गाडी मात्र सकाळी आठलाच लागेल."

कोकणकन्येची तिकिटे काढायला मी मित्राच्या कार्यालयात गेलो तेव्हा तो नेहमीच्या सवयीने म्हणाला, "गोवा का? मग मिळण्याची काळजी नाही." मी म्हटले, अकरा जणांची जागा एकाच डब्यात मिळते का, तेवढे बघ. घरी आलो तो सौ. फोनवर वहिनींशी बोलत होती. खण कुठल्या रंगाचा घ्यायचा, नारळ इथून न्यायचा की तिथे घ्यायचा, याची चर्चा चालली होती. नारळ तिथेच घ्यावा, असे शेवटी ठरले.